भाषाविज्ञानाच्या विद्यार्थ्यांनो, परिषदेत निबंध मांडताय? उदाहरणाला वेळ द्या

तळटीप

परिषदांचा हंगाम आला की व्यनितून (खाजगी निरोपातून) एकच प्रश्न फिरून फिरून येतो. "मॅडम, निबंध स्वीकारलाय, वीस मिनिटं दिलीत, कसा मांडू?" प्रत्येकाला वेगळं लिहीत बसण्यापेक्षा इथेच धागा काढते. मी भाषाविज्ञान शिकवते, विद्यार्थ्यांच्या सत्रांना अध्यक्ष म्हणूनही बऱ्याचदा बसवतात. तेव्हा खालचं सगळं ऐकणाऱ्यांच्या बाजूने लिहिलेलं आहे.

आधी तक्रार. बहुतेक सादरीकरणं एकाच साच्यातून निघाल्यासारखी असतात. पहिल्या स्लाइडवर शीर्षक आणि विद्यापीठाचा लोगो. दुसरीवर 'रूपरेषा'. तिसरीवर भाषेची व्याख्या, चौथीवर आधुनिक भाषाविज्ञानाचा पाया घालणारा सोस्यूर, पाचवीवर भारतातल्या भाषांचं सर्वेक्षण करणारा ग्रिअर्सन. मग 'उद्दिष्टे', 'गृहीतके', 'व्याप्ती व मर्यादा', प्रबंधातून जसंच्या तसं उचललेलं. तोवर बारा मिनिटं गेलेली असतात. आता कुठे सामग्री उगवते, तीही बारीक अक्षरातला गच्च भरलेला तक्ता, आणि वक्ता म्हणतो, "वेळेअभावी हे वगळतो." अरे, त्या तक्त्यासाठी तू उन्हातान्हात गावं पालथी घातलीस ना? भाषेची व्याख्या ऐकायला कोणी आलेलं नसतं. समोरचे निम्मे लोक ती वर्गात शिकवतात.

आपल्या विषयात उदाहरण हाच पुरावा असतो. निबंध एका उदाहरणाभोवती बांधा, फार तर शेजारी शेजारी लावलेल्या दोन-तीन उदाहरणांभोवती, आणि ते समोरच्याला नीट वाचू द्या. बाकी सगळं त्याच्या मागून येऊ दे.

नमुना हवा तर आपल्याच मुलखातला आहे, सांगलीजवळच्या कुपवाडचा. भाषाअभ्यासक जॉन गंपर्झ आणि रॉबर्ट विल्सन यांचा तिथल्या बोलण्यावरचा लेख १९७१ सालचा. गावात मराठी, कन्नड, उर्दू आणि थोडी तेलुगू, आणि माणसं दिवसभर एकीतून दुसरीत ये-जा करणारी. लेखकांचं म्हणणं असं की पिढ्यान्पिढ्यांच्या शेजारामुळे या भाषांच्या वाक्यरचना इतक्या जवळ आल्या की शब्दच काय ते वेगळे उरले. हे नुसतं सांगितलं असतं तर लोकांनी मान डोलावून सोडून दिलं असतं. त्यांनी ओळीखाली ओळ लावली:

पाला जरा काट के ले के आया (तिथली उर्दू)
पाला जरा काप-ऊन घे-ऊन आलो (तिथली मराठी)

तिसरी ओळ कन्नड, तीही शब्दाखाली शब्द बसणारी. 'के'च्या खाली 'ऊन', 'ऊन'च्या खाली कन्नडचा तसाच प्रत्यय. हे पाहिल्यावर वेगळं पटवायची गरज राहत नाही. पन्नासहून अधिक वर्षं झाली, तरी भाषासंपर्काच्या पुस्तकांत हे गाव हटकून भेटतं. पुढे डेक्कन कॉलेजमधून त्या गावाचा पुन्हा अभ्यास झाला, मूळ निष्कर्षांवर हरकतीही घेतल्या गेल्या. त्या घेता आल्या त्याही पुरावा असा उघड्यावर मांडलेला होता म्हणूनच.

ओळीखाली ओळ लावायचे ठरलेले नियम आहेत, त्यांना लाइपझिग नियम म्हणतात. दहाच आहेत, एका दुपारी वाचून होतात. वर मूळ वाक्य, त्याखाली तुकड्याला तुकडा अर्थ, त्याखाली सरळ भाषांतर. प्रत्यय तोडायला आडवी रेघ. एकाच तुकड्यात दोन-तीन अर्थ कोंबलेले असतील तर मध्ये टिंब. 'तोच'मधल्या 'च'सारखं काही मागून चिकटलेलं असेल तर बरोबरचं चिन्ह. मराठीत याचा फायदा कसा होतो बघा:

तू पुस्तक वाच-लं-स
तू पुस्तक.नपुं वाच-पूर्ण.नपुं.एव-२.एव

(नपुं = नपुंसकलिंग, एव = एकवचन, पूर्ण = पूर्ण झालेली क्रिया, २ = द्वितीय पुरुष.) 'लं' पुस्तकाशी जुळतो, 'स' तुझ्याशी. एकाच क्रियापदात कर्माचीही खूण आणि कर्त्याचीही. तमिळ किंवा बंगाली बोलणाऱ्या सहकाऱ्याला हे असं तोडून दाखवलं नाही तर तुम्ही एवढ्या उत्साहाने काय सांगताय ते त्याला कळायचंच नाही.

उदाहरण पडद्यावर आलं की आधी ते मोठ्याने म्हणा, घाई न करता. मग गप्प राहा. माणूस एकतर वाचतो नाहीतर ऐकतो, दोन्ही एका वेळी होत नाही. नवख्या वक्त्याला ती शांतता फार लांब वाटते. समोरच्यांना ती हवीच असते.

---

कुजबुज

वाचनखूण साठवली. एक शंका: पूर्वसूरींचा उल्लेख न करता थेट उदाहरणावर गेले तर आमचे गाइड तिथेच, भर सभागृहात माझा निकाल लावतील. त्यांचं ठाम मत आहे की पहिली पाच मिनिटं 'पूर्वसंशोधनाचा आढावा' हवाच.

---

तळटीप

@कुजबुज, आढावा प्रबंधात द्या, तिथे त्याला पन्नास पानं मिळू देत. बोलताना पूर्वसूरींना तिथेच आणा जिथे तुमचं त्यांच्याशी भांडण आहे, किंवा त्यांच्या खांद्यावर तुम्ही उभ्या आहात.

ग्रिअर्सनचंच घ्या. भाषा-सर्वेक्षणाचा सातवा खंड मराठीचा, १९०५ सालचा. जो तो त्याचं नाव घेतो आणि पुढे सरकतो. पण शंभर वर्षांत अमुक रूप बदललं असा तुमचा दावा असेल तर ग्रिअर्सन हाच तुमचा 'आधीचा' पुरावा, मग त्यातली नेमकी ओळ पडद्यावर दिसली पाहिजे. सोबत हेही सांगावं लागेल की तिथले बरेच नमुने बायबलमधल्या उधळ्या पुत्राच्या गोष्टीची भाषांतरं आहेत, सरकारी यंत्रणेमार्फत मागवलेली. एखाद्या रूपाचं तिथे नसणं म्हणजे ते तेव्हा बोलण्यात नव्हतंच असं नाही. हे वाक्य तुमच्या तोंडून आलं तर गाइडही खूश होतील.

---

खडूस_मास्तर

धागाकर्तीशी बरंचसं सहमत, पण एका बाबतीत मतभेद नोंदवतो. निवृत्त माणूस, वेळ भरपूर आहे, सोसा.

उदाहरण आधी हे ठीक. पण हल्लीची मुलं सामग्री कशी गोळा केली हे सांगतच नाहीत. "फील्डवर्क केलं" एवढ्यावर भागवतात. कोणाला विचारलं, काय विचारलं, भाषांतर करून मागितलं की गप्पा मारताना टिपलं, वाक्य म्हणून दाखवून "चालतं का?" असं विचारलं, यावर सगळं अवलंबून असतं. ज्यांचं बोलणं टिपलं ते तीस वक्ते म्हणजे एकाच आळीतली तीस माणसं की दहा गावांतली तीन-तीन? आणि कृपा करून तीस माणसांवरून दशांश चिन्हानंतर दोन आकडे असलेली टक्केवारी काढू नका. 'तिसांपैकी एकवीस' म्हणा, झालं.

पद्धत सांगायला वेळ लागतो ही सबब चालणार नाही. भाषावैज्ञानिक विल्यम लबॉव्हने न्यूयॉर्कमध्ये १९६२ साली केलेला अभ्यास घ्या. तीन डिपार्टमेंट स्टोअर: एक श्रीमंतांचं, एक मध्यमवर्गाचं, एक स्वस्तातलं. जी वस्तू चौथ्या मजल्यावर मिळते तिची चौकशी विक्रेत्याकडे करायची. तो 'फोर्थ फ्लोअर' म्हणणार. ऐकू आलं नाही असं दाखवून पुन्हा म्हणायला लावायचं. मग बाजूला होऊन दोन्ही शब्दांतला 'र' उच्चारला की गिळला ते टिपून घ्यायचं. २६४ माणसं. सांगा, किती वेळ लागला मला? आणि यात प्रश्न काय, परिणाम कशावर मोजला, मुद्दाम काळजीपूर्वक बोलताना काय फरक पडतो, सगळं आलं. तुमची पद्धत अशी गोष्टीसारखी सांगता येत नसेल तर ती तुम्हालाच अजून पुरती कळलेली नाही असं मी समजतो.

---

तळटीप

मास्तर, मतभेद कुठे आहे यात? पूर्ण मान्य. फक्त उदाहरण आधी दाखवा आणि हे लगेच त्यानंतर सांगा. आधी कुतूहल जागं झालं की "हे मिळवलं कसं?" हा प्रश्न समोरच्याच्याच मनात येतो.

---

वऱ्हाडी_ठेचा

मॅडम, सर, पहिल्यांदाच लिहितोय, सांभाळून घ्या. मी अमरावतीकडचा, एम.ए. दुसरं वर्ष. माझा विषय आपल्याकडचं 'करून राहिला'. म्हणजे 'काय करून राहिला बे?', 'तो येऊन राहिला'. प्रमाण मराठीत जिथे 'करतो आहे' म्हणतात तिथे.

मागच्या वर्षी एका विद्यार्थी परिषदेत हाच विषय थोडक्यात मांडला. पहिलं उदाहरण वाचलं आणि लोक हसले. वाईट हेतूने नसेल, पण हसले. सिनेमात आणि विनोदी कार्यक्रमांत ही बोली हसवायलाच ऐकलेली असते ना. मग प्रश्नोत्तरांत एक ज्येष्ठ बाई उठल्या आणि म्हणाल्या, "हे व्याकरणदृष्ट्या अशुद्ध आहे, आम्ही असं बोलत नाही." दुसऱ्यांनी विचारलं, "ही सरळ हिंदीची नक्कल आहे, यात संशोधन काय?" मला दोन्हीची उत्तरं देता आली नाहीत. या वर्षी पुन्हा तोच विषय, मोठ्या परिषदेत. उदाहरण आधी ठेवायचं तर पुन्हा हसणार. काय करू?

---

भरीतपार्टी

हसू देत भाऊ. आमच्या अहिराणीला तर लोक आधी विचारतात, "ही मराठी आहे का नक्की?"

बाकी, तुझं वाचून आठवलं, आमच्या धुळ्याकडे 'काय करी ऱ्हायना?' म्हणतात. 'तो काम करी ऱ्हायना.' तुमचा 'करून', आमचा 'करी', पुढे तोच 'राहणं'. तुझ्या निबंधात हे आहे का?

---

वडोदेकर

तीन पिढ्या वडोद्यात गेल्यामुळे घरात मराठी आणि दाराबाहेर गुजराती. गुजरातीत 'ते काम करी रह्यो छे' म्हणतात. रोजच्या बोलण्यात साधं 'करे छे' जास्त, पण 'करी रह्यो छे' वर्तमानपत्रापासून सगळीकडे भेटतं. भरीतपार्टींचं 'करी ऱ्हायना' मला आमच्या गल्लीतलंच वाटलं.

---

तळटीप

@वऱ्हाडी_ठेचा, तुमची पहिली स्लाइड या दोघांनी बसल्या बसल्या तयार करून दिली की:

कर रहा है (हिंदी)
करी रह्यो छे (गुजराती)
करी ऱ्हायना (अहिराणी)
कर-ऊन राहिला (वऱ्हाडी)
कर-त आहे (प्रमाण मराठी)

हसणाऱ्यांचं आधी सांगते. लोक तुटक, एकट्या वाक्याला हसतात. अशी पाच ओळींची उतरंड समोर आली की हसायला जागाच उरत नाही, नजर आपोआप ओळींवरून वर-खाली जाते. शिवाय एखादा खरा आवाज ऐकवा, ज्याचा आवाज त्याची परवानगी घेऊन. शेतातून घरी आलेली आजी सहज बोलताना हे रूप वापरतेय, असा दहा सेकंदांचा तुकडा पुरे. तुम्ही स्वतः म्हणून दाखवलंत तर ती नक्कल वाटू शकते. आणि वाचताना माफी मागितल्यासारखं हसू नका. मांडणाराच हसला की सभागृहाला परवानगी मिळते.

त्या ज्येष्ठ बाईंचा प्रश्न तुम्हाला आयुष्यभर भेटणार आहे. "मी असं बोलत नाही" ही हरकत नव्हेच, ती माहिती आहे. "बरोबर, तुमच्या बोलीत हे नाही. माझ्याकडची नोंद अमुक तालुक्यातल्या अमुक वयाच्या वक्त्यांची आहे" एवढं शांतपणे म्हणायचं. म्हणूनच उदाहरणाखाली गाव आणि वक्त्याचं वय लिहायची सवय लावून घ्या. नाव नको, आद्याक्षरंही नकोत. लहान गावात आद्याक्षरांवरूनही माणूस ओळखू येतो.

---

खडूस_मास्तर

'नक्कल' या आरोपावर थोडं. बाळा, हा तुझ्या निबंधातला सगळ्यात रसाळ भाग आहे आणि तू त्यालाच घाबरतोयस.

हिंदीतला 'कर रहा'मधला 'कर' हाही मुळात पूर्वकालवाचकच, म्हणजे 'करून'सारखं आधीची क्रिया दाखवणारं रूप. जुन्या 'करि'मधली 'इ' गळून पडलेली. म्हणजे हिंदीचा 'कर', गुजराती-अहिराणीचा 'करी' आणि आपला 'करून' व्याकरणात एकाच जागी बसतात. वऱ्हाडीने हिंदीचा शब्द उचललेला नाही, साचा घेतला आणि तो आपल्या 'ऊन'ने भरला. घेतलाच असेल तर. कारण 'येऊन राहणं' ही जोडी मराठीत आधीपासून होतीच: 'तो पुण्यात येऊन राहिला', म्हणजे आला आणि मुक्काम केला. त्यातून आपला आपणही पुढे सरकता येतं. बाहेरचा रेटा आणि घरातली सोय, दोन्ही मिळूनही होऊ शकतं.

इतिहासाची एक ओळ हवीच. नागपूर आधी मध्य प्रांताची आणि नंतर १९५६ पर्यंत मध्य प्रदेशाची राजधानी होती, मराठी-हिंदी एकत्र असलेल्या राज्याची. अमरावतीकडच्या वऱ्हाडाचा इतिहास त्याहून वेगळा आहे, तेव्हा नागपूर आणि वऱ्हाड यांची सरमिसळ करू नकोस. तिथेच कोणीतरी पकडेल. मीच पकडेन.

आता कसोटी. 'तो येऊन राहिला' या वाक्याचे दोन अर्थ लागतात, त्यामुळे ते पुरावा म्हणून कच्चं आहे. जिथे मुक्काम करणं शक्यच नाही असा कर्ता शोध.

---

वऱ्हाडी_ठेचा

पाऊस! 'पाऊस येऊन राह्यला.' आमच्याकडे रोज म्हणतात. 'नळाले पाणी येऊन राह्यलं' पण.

---

खडूस_मास्तर

शाब्बास. हे तुझं उदाहरण क्रमांक दोन. पाऊस कुठे मुक्काम करत नाही, तेव्हा इथे 'राहणं'चा मूळ अर्थ झिजून ते नुसतं चालू क्रिया दाखवणारं सहायक क्रियापद झालंय. पुण्याच्या माणसाला 'तो येऊन राहिला' कळतं, पण वेगळं कळतं. 'पाऊस येऊन राहिला' त्याला कानाला खटकतं. तुझा सगळा निबंध या दोन वाक्यांच्या फरकात आहे. आता घरी जाऊन विचार: 'राहून राहिला' चालतं का? 'तो नागपुरात राहून राहिला' असं कोणी म्हणतं का? म्हणत असतील तर तिसरं उदाहरणही मिळालं, आणि म्हणत नसतील तर का नाही हा प्रश्न मिळाला. विचारताना थेट "हे चालतं का?" म्हणू नकोस, लोक तुला खूश करायला हो म्हणतील. 'हल्ली कुठे राहतो तो?' असं विचारून गप्पांत येतंय का बघ.

---

चष्मिष्ट

वाक्यरचनावाल्यांनी धागा पळवला. ध्वनिविज्ञानवाल्यांसाठी थोडं लिहितो.

मराठीतले दोन 'ज' घ्या. 'जग' म्हणजे दुनिया आणि 'जग' म्हणजे जगण्याची आज्ञा. लेखन एक, उच्चार वेगळे. हा फरक स्पेक्ट्रोग्रामवर (आवाजातली कंपनं दाखवणाऱ्या चित्रावर) दाखवायला विद्यार्थी प्राट हे आवाज तपासायचं सॉफ्टवेअर उघडतात, चित्र चिकटवतात, आणि चित्रात फरक दिसतच नाही. कारण प्राट आपण काही न बदलल्यास ५००० हर्ट्झपर्यंतच दाखवतो आणि दातांजवळच्या 'ज'च्या घर्षणाचा जोर बराचसा त्याच्या वर असतो. सेटिंगमध्ये जाऊन मर्यादा १०,००० करा, मग दोन्ही चित्रं शेजारी ठेवा, अंतर उठून दिसेल. अर्थात मूळ रेकॉर्डिंगमध्ये तेवढं असलं पाहिजे. व्हॉट्सअॅपवर आलेली व्हॉइस नोट दाबलेली असते, वरची कंपनं त्यात कापली जातात. तिच्यावर असला दावा उभा करू नका. ४४,१०० हर्ट्झला, न दाबलेल्या वेव्ह फाइलमध्ये रेकॉर्ड करा.

स्पेक्ट्रोग्रामवर आवाजाच्या उंचीची (पिचची) रेष, तीव्रतेची रेष, फॉर्मंटचे (स्वर ओळखू येतो त्या कंपनांच्या पट्ट्यांचे) ठिपके, सगळं एकदम चालू ठेवून चित्र काढतात. ज्याबद्दल बोलताय तेवढंच चालू ठेवा. आणि स्वरांचा आलेख काढताना दोन्ही अक्ष उलटे लावायची रीत आहे, म्हणजे 'ई' डावीकडे वर आणि 'आ' खाली येतो, तोंडातल्या जिभेच्या जागेसारखा. एक्सेल जसा देईल तसा चिकटवला तर जाणकाराला तो उलटापालटा दिसतो.

स्लाइडमध्ये घुसवलेला आवाज दुसऱ्याच्या लॅपटॉपवर हमखास वाजत नाही. फाइल वेगळी ठेवा, डेस्कटॉपवर, नाव '१', '२' असं.

---

समुद्रापार

एडिनबरोत पीएच.डी. करतेय, म्हणून इकडची पद्धत सांगते. वाक्यरचना आणि अर्थविचाराच्या परिषदांत हँडआउटची चाल अजून टिकून आहे. सगळी उदाहरणं क्रमांक घालून ए-फोर कागदाच्या पाठपोट छापायची आणि सुरुवातीलाच वाटायची. फायदा प्रश्नोत्तरांत होतो. लोक विचारतात, "तुमच्या सात-ब मध्ये कर्ता निर्जीव केला तर?" कोणालाही स्लाइड मागे-पुढे पळवावी लागत नाही. स्लाइडवर आणि कागदावर क्रमांक तेच ठेवा, एवढं पथ्य. लोक तो कागद घरी नेतात, त्यावर तुमचा ईमेल असू दे.

---

कुजबुज

लिपीचं काय करायचं? देवनागरी, रोमन की आंतरराष्ट्रीय ध्वनिलिपी? आमच्याकडे यावरून दोन गट आहेत आणि चहाच्या टपरीवरही मिटत नाहीत.

---

तळटीप

समोर कोण बसलंय ते बघा. मराठी विभागाच्या चर्चासत्रात देवनागरी बिनधास्त वापरा, अर्थाची ओळही मराठीत द्या. देशभरातले लोक असतील तर मणिपूरच्या माणसाला देवनागरी वाचता येईलच असं धरून चालू नका. त्याला रोमन लिप्यंतर द्या, आणि अख्ख्या निबंधात एकच पद्धत. उच्चार हाच विषय असेल तर ध्वनिलिपीला पर्याय नाही, चष्मिष्ट यांच्या दोन 'ज'सारखं देवनागरी तिथे फरकच दाखवत नाही.

फॉन्ट जुन्या डीटीपीच्या जमान्यातला नको, युनिकोडच हवा. नाहीतर परिषदेच्या संगणकावर तुमची आजी अगम्य चिन्हांत बोलायला लागते. ध्वनिलिपीसाठी डूलोस किंवा कॅरिस हे एस.आय.एल. या संस्थेचे फॉन्ट फुकट आहेत. आणि निघण्याआधी सगळ्याची पीडीएफ करून ठेवा.

---

गप्पिष्ट_गोगलगाय

अवांतर: मी बँकेत आहे, भाषाविज्ञानाशी संबंध शून्य. पण 'पाऊस येऊन राह्यला' वाचल्यापासून ऑफिसातल्या नागपूरच्या सहकाऱ्याला दर अर्ध्या तासाने काहीतरी बोलायला लावतोय. तो वैतागलाय. "तू मला तपासून राह्यला का?" म्हणाला.

---

खडूस_मास्तर

हे वाक्य टिपून ठेवा. सहज आलेलं आहे, विचारून काढलेलं नाही.

---

वऱ्हाडी_ठेचा

सगळ्यांचे आभार. नवा आराखडा असा केलाय. सुरुवातीला आजीचा आवाज (तिची परवानगी घेतली, ती म्हणाली "माह्या आवाजात काय हाय ऐकण्यासारखं?"). मग पाच ओळींची स्लाइड. मग 'येऊन राहिला'चे दोन अर्थ आणि पावसाची कसोटी. मग पद्धत: दोन तालुके, कोणाशी बोललो, कसं टिपलं. मग हिंदीचा साचा की घरचा विकास, दोन्ही बाजूंनी काय म्हणता येतं. निष्कर्ष एका स्लाइडवर. सोस्यूर काढला. ग्रिअर्सन ठेवला, पण एकाच ओळीपुरता. घरी घड्याळ लावून म्हटलं तर सोळा मिनिटं होतायत.

'राहून राहिला'चं विचारणं चालू आहे. आतापर्यंत दोघांच्या तोंडून आलंय, पण दोघेही कॉलेजातली पोरं आहेत, वयस्कर माणसांकडून अजून नाही.

अजून एक. अहिराणी आणि गुजरातीची ओळ मी स्वतः गोळा केलेली नाही. ती दाखवू का?

---

तळटीप

सोळा मिनिटं उत्तम. सभागृहात ती अठरा होतात.

अहिराणी आणि गुजरातीच्या ओळी दाखवा, पण छापील व्याकरणात किंवा लेखात ते रूप शोधून त्याचा आधार द्या, आणि अहिराणीसाठी एखाद्या वक्त्याकडून स्वतः पडताळा करून घ्या. भरीतपार्टी आहेतच. 'धाग्यावर कोणीतरी म्हणालं' हा आधार चालत नाही, माझ्या धाग्यावर म्हणालं असलं तरी. तुम्ही गोळा केलेलं कोणतं आणि दुसऱ्याकडून घेतलेलं कोणतं, हे त्या स्लाइडवरच दिसू द्या.

आणि 'राहून राहिला' निष्कर्षात घालू नका. दोन तरुण पोरांवर काही उभं राहत नाही. ते एका राखीव स्लाइडवर ठेवा, आभारांच्या नंतर. हा प्रश्न कोणीतरी विचारणारच, तेव्हा ती उघडायची आणि जेवढं मिळालंय तेवढंच सांगायचं.

---

भरीतपार्टी

पडताळ्याला मी तयार. माझी आईही. व्यनि करतो. मात्र ती अहिराणीत बोलायला लागली की तुझं रेकॉर्डिंग दोन तासांच्या आत थांबायचं नाही, बॅटरी भरून ठेव.